नियम सैल केले की फायबर गावात येतं का?

गोव्यात वाळपईजवळच्या एका गावातल्या शिक्षकांनी विचारलं आहे: दूरसंचार कंपन्यांवरचे नियम सरकारने काढले किंवा सैल केले, तर त्या ब्रॉडबँडच्या जाळ्यात खरंच जास्त पैसे घालतात का? अमेरिकेत तसं झालं असं त्यांच्या वाचनात आलं. मग आमच्या वाड्यावर अजून फायबर का नाही, हा त्यांचा खरा प्रश्न.

आधी माझ्याबद्दल. मी अठ्ठावीस वर्षं केबलीच्या कामात आहे. सुरुवात फोंड्याला, तांब्याच्या तारा जोडणाऱ्या जॉइंटरच्या हाताखाली झाली. आता एका छोट्या इंटरनेट कंपनीचं जाळं कुठून कुठे न्यायचं ते ठरवतो. मोठ्या कंपनीला केबलीसाठी जमिनीखाली पुरलेल्या तिच्या नळीत दुसऱ्याला जागा द्यायला लावणारा नियम आला तर माझ्या धंद्याचं भलंच होणार आहे. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

उत्तर दोन शब्दांत द्यायचं तर, कधी कधी. पण 'नियम' हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला की चर्चा तिथेच फसते. पणजीच्या एखाद्या बैठकीत मोठ्या कंपनीचा माणूस 'नियम फार झालेत' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात परवाना शुल्क असतं, आपलं जाळं दुसऱ्याला वापरू द्यायची सक्ती असते. डिचोलीत चर खणणारा कंत्राटदार हेच वाक्य म्हणतो, तेव्हा त्याला साबांखाची, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याची परवानगी, वीज खात्याचा खांब आणि वन खात्याचा रेंजर आठवत असतो. दोघंही खरंच बोलतात. मात्र पहिल्याचा नियम काढला तर पैसा वाचतो आणि दुसऱ्याचा काढला तर केबल पडते. वाचलेला पैसा केबलीतच जाईल असं कोणी लिहून देत नाही. तो कर्ज फेडण्यात जातो, भागधारकांकडे जातो, क्रिकेटचे हक्क घेण्यात जातो.

अमेरिकेचं उदाहरण हल्ली सगळेच देतात, म्हणून ते जरा सोलून बघू. २०१५ साली तिथल्या नियामकाने, म्हणजे एफसीसीने, ब्रॉडबँडला जुन्या टेलिफोनसारख्या सार्वजनिक सेवेच्या कलमाखाली आणलं. डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै अध्यक्ष असताना ते पुन्हा काढलं आणि जून २०१८ पासून नियम उठले. पै यांचं म्हणणं होतं की २०१५ च्या नियमांनी गुंतवणूक घटली, नियम गेले की ती वाढेल. २०१८ मध्ये उद्योगाचा भांडवली खर्च थोडा वाढला, हे खरं. पण त्याच डिसेंबर २०१७ मध्ये तिथे करकायदा बदलला आणि यंत्रसामग्रीचा पूर्ण खर्च पहिल्याच वर्षी वजा करायची सवलत मिळाली. ५जीची तयारी सुरू होती. एटी अँड टीला पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी देशव्यापी जाळं उभारायचं मोठं सरकारी कंत्राट मिळालेलं होतं. या सगळ्यातून एका नियमाचा वाटा वेगळा काढणं म्हणजे कालवलेल्या भातातून मीठ वेचणं. आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, नियम उठलेले असताना, त्याच एटी अँड टीचा भांडवली खर्च २१ अब्ज डॉलरच्या वरून २० अब्जांच्या खाली आला.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या वर्षांत एटी अँड टीने घरापर्यंत फायबर टाकलं ते बरंचसं एका सक्तीमुळे. २०१५ मध्ये तिने डायरेक्टीव्ही ही कंपनी विकत घेतली, तेव्हा एफसीसीने अट घातली होती की चार वर्षांत १ कोटी २५ लाख ठिकाणी फायबर पोहोचलं पाहिजे. २०१९ च्या मध्याला ती अट पुरी झाली. म्हणजे ज्या काळातलं फायबर नियममुक्तीच्या खात्यावर मांडलं जातं, त्यातला मोठा तुकडा नियमाचाच होता.

तरी नियममुक्तीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही, हेही सांगायला हवं. १९९६ च्या कायद्याने तिथल्या जुन्या टेलिफोन कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना ठरलेल्या दरात द्याव्या लागत. त्यांचा प्रश्न सरळ होता: मी नवं फायबर टाकायचं, आणि तुम्ही ते उद्या शेजाऱ्याला स्वस्तात द्यायला लावणार, तर मी टाकू कशाला? २००३ मध्ये एफसीसीने नव्या फायबरला या सक्तीतून बऱ्याच अंशी सोडवलं. पाठोपाठ व्हेरायझनने टेक्ससमधल्या केलर गावापासून फायबरचं काम सुरू केलं आणि त्यात सुमारे २३ अब्ज डॉलर घातले. सूट मिळाली, फायबर आलं. हा पुरावा मी मानतो. पण पुढचं पानही वाचायला हवं. २०१० च्या सुमारास व्हेरायझनने नवीन शहरं घेणं थांबवलं. सूट तशीच होती. जिथे केबल टीव्हीवाल्याशी टक्कर होती आणि वस्ती दाट होती, तो भाग करून झाला होता, एवढंच.

युरोपात हाच प्रयोग दोन देशांनी दोन तऱ्हांनी केला. जर्मनीने २००७ मध्ये कायदा बदलून डॉइच टेलिकॉमच्या नव्या जाळ्याला 'नियमांची सुट्टी' दिली. प्रतिस्पर्ध्यांना वाटा द्यायची गरज नाही, तुम्ही गुंतवणूक करा. कंपनीने व्हीडीएसएल टाकलं. त्यात फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत येतं आणि पुढे घरापर्यंत जुनंच तांबं राहतं. २००९ च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने ती सुट्टी बेकायदा ठरवली. घरापर्यंतच्या फायबरमध्ये जर्मनी आजही स्पेनच्या बराच मागे आहे.

आता स्पेनचं बघा. त्यांनीही २००९ च्या सुमारास टेलिफोनिकाला वेगवान फायबर दुसऱ्यांना घाऊक द्यायच्या सक्तीतून मोकळं केलं. इथवर जर्मनीसारखंच. मात्र सोबत एक कडक अट ठेवली: जमिनीखालच्या नळ्या आणि चेंबर प्रतिस्पर्ध्यांना ठरलेल्या दरात वापरू द्यायचे. तार तुझी तुझ्यापाशी, पण नळीत जागा दे. मग ऑरेंज, व्होडाफोन, जॅझटेल यांनी त्याच नळ्यांतून आपापलं फायबर ओढलं, आणि ते ओढतायत हे दिसल्यावर टेलिफोनिकाला स्वस्थ बसता येईना. २०१६ मध्ये स्पेनच्या नियामकाने आणखी पुढचं केलं. जिथे स्पर्धा खरोखर रुजली अशा ६६ नगरपालिकांत टेलिफोनिकाला मोकळीक ठेवली आणि बाकी देशात फायबर वाटून द्यायची सक्ती आणली. एकाच देशात, एकाच कंपनीला, जागा बघून वेगळा नियम. आपल्याकडे परवान्यांचा नकाशाच गोव्याला महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, म्हणजे परवाना विभागात, घालतो, त्यामुळे पणजीतलं मिरामार आणि सांगे तालुक्यातलं नेत्रावळी यांच्यात फरक करायची सवय कोणाला लागलेलीच नाही.

आपल्या देशाची गोष्टही या प्रश्नाला पुरेशी आहे, पण ती सरळ एका दिशेने जात नाही. १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काच्या जागी उत्पन्नातला हिस्सा घ्यायला सुरुवात केली. मोठ्या बोली लावून बुडायला आलेल्या मोबाइल कंपन्या त्यामुळे तरल्या, आणि पुढच्या दशकात मनोऱ्यांचं रान उठलं. नियम सैल, गुंतवणूक वाढली. हे नि:संशय.

२००४ ची गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती मी जवळून पाहिली. त्या वर्षी ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, शिफारस केली होती की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा खासगी कंपन्यांना वापरू द्याव्यात. सरकारने ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ती सक्ती आणली नाही. कारण ओळखीचंच होतं: तार ज्याने टाकली त्याला ती वाटायला लावली तर तो पुढे पैसा घालणार नाही. त्याच धोरणात २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं लक्ष्य होतं, आणि ब्रॉडबँड म्हणजे २५६ केबीपीएस, हेही तिथेच लिहिलेलं. २०१० संपताना आकडा एक कोटीच्या आसपास होता. तारा वाटायला लावल्या नाहीत, तरी त्यांच्यात पैसाही पडला नाही. फोंड्याच्या बाजूला मी कॅबिनेट उघडायचो तेव्हा आत हिरवी पडलेली टोकं, पावसाचं पाणी आणि एकदा तर मुंग्यांचं वारूळ. शंभर जोड्यांच्या केबलीत चालू जोड्या शोधाव्या लागत. पाच वर्षं आधी ती कॅबिनेटं दुसऱ्या कोणासाठी उघडी केली असती, तर निदान कोणी झाकण नीट लावलं असतं.

मग २०१३. ब्रॉडबँडसाठी लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर, फोन कॉलही देता येतील, त्यासाठी १,६५८ कोटी रुपये भरा आणि नवा परवाना घ्या, अशी मुभा सरकारने दिली. त्यातून सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ उतरली, दीड लाख कोटींच्या घरातली गुंतवणूक घेऊन. हीसुद्धा नियममुक्तीच. पण कसली, ते बघा. जुन्या खेळाडूचं ओझं यात हलकं झालं नाही, नव्याला आत यायला दार उघडलं. आणि नवा आत आला म्हणून जुन्यांनीही धावपळ करून ४जी आणि फायबर वाढवलं. गंमत अशी की त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायने एक नियम कडक केला होता. वेगवेगळ्या वेबसाइटला वेगवेगळा दर लावायचा नाही, फुकट-निवडक इंटरनेट बंद. असे नियम आले की गुंतवणूक आटते, हा अमेरिकेतला युक्तिवाद खरा असता तर आपल्याकडे त्या वर्षी सामसूम व्हायला हवी होती. झालं नेमकं उलट.

सप्टेंबर २०२१ च्या पॅकेजने तर जवळपास सगळंच दिलं: थकबाकीला चार वर्षांची सवड, बँक हमीत सूट, शंभर टक्के परदेशी गुंतवणूक थेट मार्गाने. सूट तिन्ही खासगी कंपन्यांना सारखीच. जिओ आणि एअरटेल या दोघांनी ऑक्टोबर २०२२ पासून ५जी सुरू केलं. तिसरीला, व्होडाफोन आयडियाला, मुंबईत सुरू करायला मार्च २०२५ उजाडला, कारण तिच्याकडे पैसाच नव्हता. तो का नव्हता याचं एक मोठं कारण म्हणजे २४ ऑक्टोबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सरकारचा हिस्सा ज्यावर मोजतात ते 'समायोजित सकल उत्पन्न' कशाला म्हणायचं, या वर्षानुवर्षं चाललेल्या भांडणाचा तो शेवट होता, आणि मागची सगळी बाकी व्याजदंडासह एकदम अंगावर आली. नियम कडक की सैल, याहून तो उद्या असाच राहील का, हे भांडवलाला जास्त महत्त्वाचं असतं. जमिनीखालची नळी वीस-तीस वर्षांसाठी असते. अमेरिकेत २०१५ मध्ये नियम आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये परत आणायचा निर्णय झाला, जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तोही रद्द केला. अशा झोपाळ्यावर बसून तीस वर्षांचा हिशेब कोण करणार?

आकडे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा देऊन ठेवतो. आपल्याकडे 'दूरसंचारात इतके लाख कोटींची गुंतवणूक' असं छापून येतं, तेव्हा त्यात स्पेक्ट्रमचे पैसे धरलेत का, ते बघा. २०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटींची बोली लागली. त्या पैशाने एक मीटरसुद्धा चर खणला गेलेला नाही. तो सरकारी तिजोरीत गेला.

आता शिक्षक महाशयांच्या वाड्याकडे येऊ. इथे मी कागदावरचा एक आडाखा मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण माझ्या टेबलावर रोज येणारे हिशेब याच जातीचे असतात. समजा मुख्य रस्त्यापासून वाडा चार किलोमीटर आत आहे. जमिनीखालून केबल न्यायची तर खणाई, नळी, रस्ता पूर्ववत करायचे पैसे सगळं धरून मीटरला तीनशे रुपये. झाले बारा लाख. वाड्यावर पंचेचाळीस घरं, त्यातली पंचवीस जोडणी घेतील, महिना पाचशे रुपये. वर्षाला दीड लाख आले. बँडविड्थ, वीज, माणूस, दुरुस्ती जाऊन पन्नास हजार उरले तर नशीब. म्हणजे पैसे वसूल व्हायला चोवीस वर्षं. आता कंपनीवरचा नियम काढू. आठ टक्के परवाना शुल्क पूर्ण माफ! ठोकळमानाने वर्षाला बारा हजार वाचले. चोवीसची एकोणीस वर्षं झाली. कोणीही केबल टाकणार नाही. त्याऐवजी रस्ता करतानाच कोणीतरी रिकामी नळी पुरून ठेवलेली असेल आणि मला फक्त केबल ओढायची असेल, तर मीटरला साठ रुपयांत भागतं. दोन लाख चाळीस हजार. पाच वर्षांत वसूल. मग मी उद्याच माणसं पाठवतो.

ही आपल्या सत्तरी तालुक्यातल्या गरिबीची कहाणी नाही, सगळ्या जगाचा हिशेब असाच आहे. जाळं उभारायच्या खर्चातला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग खणाई-बांधकामाचा असतो, असं धरूनच युरोपीय संघाने २०१४ मध्ये नळ्या आणि खांब वाटून वापरायचा निर्देश काढला होता. फायबरची काच स्वस्त आहे हो. माती महाग आहे.

आणि आपली माती म्हणजे जांभा. वरवर मऊ, दोन फुटांवर चिरा लागला की पोकलेनचे दात झिजतात. काही वर्षांपूर्वी सत्तरीतल्याच एका वाड्याचं काम आमच्याकडे होतं. गावाचं नाव राहू द्या. ऑक्टोबरात, चवथीची धांदल सरल्यावर, अर्ज दिले. वाटेत रस्ता एका खात्याचा, मोरी दुसऱ्या खात्याची आणि सहाशे मीटर जंगल. केंद्राच्या तेव्हाच्या २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं की साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. मानीव परवानगी म्हणतात तिला. साठ दिवस झाले, उत्तर नाही. मी कंत्राटदाराला म्हटलं, चल, सुरू कर. तो हसला. म्हणाला, "साहेब, तुमची मानीव परवानगी मी कनिष्ठ अभियंत्याला दाखवणार, तो माझा जेसीबी अडवणार, आणि जेसीबीचं भाडं तुम्ही देणार." त्याचं बरोबर होतं. फेब्रुवारीत त्या रस्त्यावर नवं हॉटमिक्स पडलं. मार्चमध्ये परवानगीचं पत्र आलं, त्यात अट होती की नव्या डांबराला हात लावायचा नाही. जूनला पाऊस सुरू. पावसाळ्यात खणाई बंद. गेलं ते वर्ष.

दुसऱ्या वर्षी अर्धं अंतर खांबांवरून आणि अर्धं जमिनीखालून असं करून लाइन नेली. पहिल्याच पावसाळ्यात एका कंत्राटदाराने गटार साफ करताना आमची चोवीस कोअरची केबल उचकटली. तुटलेली जागा शोधणारं यंत्र, ओटीडीआर, दाखवत होता दोन किलोमीटर तीनशे मीटर, आणि तिथे नुसता चिखल. ताडपत्रीखाली दोन मुलं उकिडवी बसून एकेक केसाएवढी काच सोलून जोडत होती. दमट हवेत स्प्लाइसिंग मशीन सारखं चूक दाखवायचं, म्हणून शेजारच्या घरातून केस सुकवायचा ड्रायर आणला. रात्री साडेदहाला बाविसावा जोड झाला आणि वीज गेली. त्या घरातल्या आजींनी मेणबत्ती आणि चहा दिला, आणि विचारलं, "तुमचं नेट आमच्याकडे येतं काय?" त्यांचं घर आमच्या वाटेवर होतं, पण जोडणीच्या यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिली.

खुद्द फोंड्यातलं एक उदाहरण याच्याशेजारी ठेवतो. एका कॉलनीत आम्ही वर्षानुवर्षं जुन्या केबलीवर दहा एमबीपीएस देत होतो. लोक कुरकुरायचे, पैसे भरायचे. एक दिवस फाटकावर मोठ्या कंपनीची गाडी आणि केबलीचं रीळ दिसलं. दोन महिन्यांत आम्ही अख्ख्या कॉलनीत घरापर्यंत फायबर टाकलं, दर तोच, वेग दसपट. त्या दोन महिन्यांत दिल्लीत एकही नियम बदलला नव्हता. एक रीळ दिसलं होतं. मी आमच्या मालकांना तीन वर्षं त्या कॉलनीचा प्रस्ताव देत होतो. ते म्हणायचे, गरज काय?

म्हणून नियममुक्तीबद्दल मला कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तिथे शेजारी कोण आहे? पर्वरीच्या एकाच गल्लीत तीन-चार जणांच्या केबली लोंबतात. तिथे दरावर, वेगावर नियामकाने डोकं घालायची फारशी गरज नाही. ग्राहक रागावला तर समोरच्याकडे जातो. सांगे, काणकोण, सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर शेजारीच नाही. तिथे कंपनीवरचं ओझं कितीही हलकं करा, ती येणार नाही. एकदा एखादी आलीच, तर तिला मोकळं सोडल्यावर ती तांब्याच्या कॅबिनेटसारखी झोपी जाईल. २०२० मध्ये कोविडच्या काळात सांगे आणि सत्तरीतली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर चढून बसायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या वेळी देशातलं मोबाइल क्षेत्र दरांच्या बाबतीत जवळजवळ मुक्तच होतं.

इथे आपलाही थोडा दोष पदरात घेतो. मनोरा आणायची गोष्ट निघाली की ग्रामसभेत 'नको' म्हणून ठराव होतो, आणि त्याच सभेत रेंज नाही म्हणून पंचाला फैलावर घेतात. किरणोत्साराची भीती मी थट्टेवारी नेत नाही, लोकांशी नीट बोललं जात नाही हे खरं आहे. पण मनोरा नको असेल तर जमिनीखालचं फायबर हवं, आणि ते हवं असेल तर चर खणू द्यायला हवा. तिन्हीला नाही म्हणून चालत नाही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनीतून पन्नास मीटर केबल न्यायला मला एकदा जितक्या फेऱ्या माराव्या लागल्या, तितक्या दिल्लीच्या परवान्यासाठी लागल्या नव्हत्या.

सरकारी पैशाचं काय, असं पुढचं विचाराल. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायला निघाली. तिचे पैसे कंपन्यांच्या परवाना शुल्कातूनच येतात. आठातले पाच टक्के गावोगावच्या जाळ्यासाठीच्या सरकारी निधीत जातात. म्हणजे शुल्क माफ करा म्हणणारे ज्या गुंतवणुकीचं आमिष दाखवतात, तिच्यापेक्षा त्या शुल्कातूनच तुमच्या वाड्याला जास्त आशा आहे. गोव्याने त्याआधीच आपलं ब्रॉडबँड नेटवर्क काढून पंचायती जोडायला घेतल्या होत्या. आपल्या १९१ पंचायती, राज्य केवढंसं. पण पंचायत घरापर्यंत आलेलं फायबर आणि तुमच्या ओसरीवर आलेलं फायबर यात तेच चार किलोमीटर असतात, ज्यांचा हिशेब वर केला. निधीतून कपाटात यंत्र बसतं. पुढची नळी कोणाची, हे कोणी ठरवत नाही.

मला विचाराल तर कंपनीवरच्या नियमांपैकी तीन गोष्टींना हात लावू नये: नळी आणि खांब ठरलेल्या दरात वाटून वापरायची सक्ती, सगळ्यांच्या डेटाला समान वागणूक, आणि निधीचे पाच टक्के. बाकी परवान्यांचे प्रकार, विवरणपत्रं, बँक हम्या यांतलं निम्मं खुशाल काढा. माझे दोन लेखनिक त्यातच गुंतलेले असतात. छोट्या कंपनीला हा जाच मोठ्या कंपनीपेक्षा जास्त भोवतो, आणि छोटीच तर वाड्यावर जाते. खणाईच्या परवानग्या मात्र खरोखरच सोप्या करा. २०२२ च्या दुरुस्तीत रस्त्याकडेच्या खांबावरून केबल न्यायला वर्षाला खांबामागे शंभर रुपये ठरले. १ जानेवारी २०२५ पासून नवे मार्गाधिकार नियम, म्हणजे केबल न्यायच्या वाटेचे नियम, लागू झाले. कागद चांगला आहे. तो कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोहोचला की आमच्या कंत्राटदाराला हसू येणार नाही.

तर सर, तुमच्या वाड्याबद्दल. तुमच्या रस्त्याला पुढच्या वेळी पाण्याची पाइपलाइन, विजेची भूमिगत केबल किंवा नवं डांबर मंजूर होईल, तेव्हा ग्रामसभेत उठून एकच मागणी लावून धरा. चर उघडा असेपर्यंत चाळीस मिलिमीटरच्या दोन रिकाम्या नळ्या त्यात टाकायच्या, पंचायतीच्या नावावर, आणि जो मागेल त्याला एकाच दरात भाड्याने द्यायच्या. दर पाव किलोमीटरला एक चेंबर, आणि त्याचं झाकण डांबराच्या खाली गाडलं जाणार नाही एवढं बघायचं. नळी टाकताना आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. ती विसरली की पुढे नळीत काही ओढता येत नाही आणि चर परत उकरावा लागतो. आमच्याकडे दोनदा झालंय.